रंग काढला की काम दिसतं! रस्त्यावरच्या कृष्णधवल फोटोंमागचं गणित

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की पहिल्या दोन-तीन तासांतच एक शोधाशोध सुरू होते. फ्लेक्सवाल्याला फोटो पाठवायचा असतो. मुलगा मोबाईल चाळतो, सून चाळते, पुण्याला कामाला असलेला नातू चाळतो. लग्नातला ग्रुप फोटो सापडतो, पण त्यात आजी कडेला, अर्धी झाकलेली. पंढरपूरला गेले होते तेव्हाचा एक सापडतो, त्यात नेमके डोळे मिटलेले. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा केला जातो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली तोच छापून चौकात लागतो.

ज्या बाईनं चाळीस वर्षं खुरपं चालवलं, तिचा हातात खुरपं असलेला एकही फोटो घरात नसतो. ज्यानं आयुष्यभर मार्केट यार्डात पोती वाहिली, त्याचा पाठीवर पोतं असलेला फोटो नसतो. मोबाईलमध्ये फोटो मात्र चार-पाच हजार असतात. हळद, वाढदिवस, सत्कार, नव्या गाडीची पूजा आणि रोजचं गुड मॉर्निंग.

काम ही फोटो काढण्यासारखी गोष्ट आहे, असं आपल्याकडं सहसा कुणाला वाटतच नाही. जगात मात्र गेली शंभर-सव्वाशे वर्षं काही माणसं नेमकं हेच करत आली आहेत. रस्त्यावर, बाजारात, स्टेशनात, खाणीत जायचं, माणसं आपापल्या कामात असताना फोटो काढायचे, आणि तेही बहुतेक काळ्या-पांढऱ्यात. रस्त्यावरच्या अशा फोटोंना स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतात. त्यातले चांगले फोटो बघून लोक म्हणतात, ही तर कविताच झाली. साध्या कामाची कविता होते कशी, आणि खिशातल्या मोबाईलवर ते जमण्यासारखं आहे का, ते बघण्यासारखं आहे.

रंग नको तो कशाला?

सुरुवातीला दुसरा पर्यायच नव्हता. जुन्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप असायचा. उजेड पडला की तो लेप काळा पडायचा, म्हणून फिल्मवर सगळं उलटं उमटायचं आणि कागदावर छापताना परत सुलटं व्हायचं. त्यात रंगाला जागा नव्हती. सहज वापरता येईल अशी रंगीत फिल्म १९३० नंतरच्या दशकात बाजारात आली, पण ती महाग होती आणि वर्तमानपत्रं पुढंही कित्येक वर्षं काळ्या शाईतच छापली जायची. नंतर रंग स्वस्त झाला. तरीही बऱ्याच मोठ्या फोटोग्राफरांनी काळं-पांढरं सोडलं नाही. याचं कारण कळायला पुस्तकाची गरज नाही, आठवडी बाजारात पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे.

निळी ताडपत्री. पिवळ्या पिशव्या. पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भगवा-हिरवा फ्लेक्स. कुठल्या तरी कंपनीची लालभडक छत्री. या सगळ्याच्या मध्ये एक आजी मेथीच्या जुड्या बांधत बसलेली असते. रंगीत फोटो काढला की बघणाऱ्याचा डोळा पहिल्यांदा ताडपत्रीवर जातो, मग फ्लेक्सवर, मग छत्रीवर. आजीपर्यंत पोचेस्तोवर बोट पुढच्या फोटोवर सरकलेलं असतं.

आता त्याच फोटोतला रंग काढून टाका. ताडपत्री करडी झाली, फ्लेक्स करडा झाला, त्यांचा तोरा संपला. उरलं काय? उजेड, सावली, आकार आणि हालचाल. आजीच्या हाताच्या शिरा, जुडीला गाठ मारताना दातात धरलेलं दोरीचं टोक, कपाळावरच्या आठ्या. रंगीत फोटोतही हे सगळं होतंच, फक्त गर्दीत हरवलेलं होतं.

गुऱ्हाळात तर हा फरक लगेच कळतो. काहिलीतला रस उकळतोय, वाफ उठतेय, चुलवाणात कुणी चिपाडं सारतंय आणि गुळव्या हातात लांब दांड्याचं फावडं घेऊन पाकाकडं टक लावून उभा आहे. रंगीत फोटोत वाफ नुसती धुरकट दिसते. काळ्या-पांढऱ्यात तीच वाफ पांढऱ्या भिंतीसारखी उभी राहते आणि तिच्या पुढं गुळव्याची काळी आकृती कोरल्यासारखी दिसते. पाक नेमका कधी उतरवायचा हे त्या माणसाला नुसत्या नजरेनं कळतं, आणि ती नजरच फोटोत येते.

जात्यावरची ओवी आणि हा फोटो

कामातून कविता निघते, हे महाराष्ट्राला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. पहाटे जात्यावर बसून दळण दळता दळता बायकांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. जळगाव जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि चुलीपुढं काम करताना त्यांच्या तोंडून जे निघालं ते घरच्या मुलांनी टिपून ठेवलं, म्हणून त्यांच्या पश्चात, १९५२ साली त्याचं पुस्तक होऊ शकलं. कुणी टिपलंच नसतं तर काय झालं असतं, याचा विचार केला तरी कसंतरी होतं.

ओवीत एक गोष्ट फार महत्त्वाची असते. दळणाचे कष्ट ती लपवत नाही, आणि त्यावर नुसतं रडतही बसत नाही. जातं फिरतंय, हात भरून आलेत, आणि मन माहेरी गेलंय. हे सगळं एका दमात येतं. चांगला कृष्णधवल फोटो हेच करतो. राबणाऱ्या माणसाची कीव तो करत नाही आणि त्याला देवही बनवत नाही. बाई कशी उभी आहे, वजन कुठल्या पायावर आहे, लक्ष कुठं आहे, एवढं तो नीट दाखवतो.

एका क्षणाचा खेळ

यातलं सगळ्यात मोठं नाव फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं. जन्म १९०८, निधन २००४. त्यांनी १९३२ च्या सुमारास लायका कंपनीचा छोटा कॅमेरा घेतला आणि आयुष्यभर तसाच कॅमेरा वापरला. चमकणाऱ्या भागांवर ते काळी चिकटपट्टी लावायचे, कारण लोकांचं लक्ष कॅमेऱ्याकडं जायला नको.

त्याच १९३२ साली पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनच्या मागं त्यांनी काढलेला फोटो आजही शिकवला जातो. पावसाचं पाणी साचलंय. एक माणूस त्यावरून उडी मारतोय. टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर बाकी आहे, आणि खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब तयार आहे. मागच्या भिंतीवरच्या पोस्टरवरही एक आकृती तशीच उडी मारताना दिसते. हा फोटो त्यांनी फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून घेतला होता. एक सेकंद आधी घेतला असता तर नुसता चालणारा माणूस आला असता, एक सेकंद नंतर घेतला असता तर नुसते भिजलेले बूट.

असे क्षण कामात दिवसभर येत असतात. हमाल पोत्याला आकडा लावतो, पोतं पाठीवर घेतो, फळीवरून चढतो आणि ट्रकमध्ये टाकतो. या सगळ्यात एक क्षण असा असतो की फळी वाकलेली, गुडघा वाकलेला, मान पुढं काढलेली आणि पोतं अजून पाठीवरच. तेवढा एक क्षण दिसला की बाकीचं काम बघणाऱ्याला आपोआप कळतं. आणि हमाल तर दिवसातून दोनशे वेळा तेच करतो, त्यामुळं एकदा चुकलं तरी बिघडत नाही. दुसरं पोतं येतंच.

कार्तिए-ब्रेसाँ भारतातही पुष्कळ फिरले. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांतले आणि अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. पण १९६६ साली अहमदाबादला त्यांनी काढलेला एक फोटो जास्त बघण्यासारखा आहे. बायका उन्हात लांबच लांब साड्या वाळत घालतायत, एवढंच. गावच्या नदीकाठी, धरणाच्या भिंतीवर असं दृश्य कितीदा दिसतं! त्या फोटोत साड्यांचे पट्टे जमिनीवरच्या रेघांसारखे दिसतात आणि बायका त्या रेघा ओढणाऱ्यांसारख्या. साड्यांचे रंग दिसले असते तर डोळा रंगातच अडकला असता.

मुलं सांभाळणाऱ्या बाईची पेटी

आता म्हणाल, हे सगळं मोठ्या घरच्या, मोठा कॅमेरावाल्यांचं काम. तर मग व्हिव्हियन मायर यांची गोष्ट ऐका.

मायर अमेरिकेत दुसऱ्यांच्या घरी मुलं सांभाळायच्या. जवळपास चाळीस वर्षं हेच काम, त्यातली बहुतेक शिकागो शहरात आणि आसपास. मुलांना फिरायला न्यायचं, आणि फिरता फिरता गळ्यातल्या कॅमेऱ्यानं रस्त्यावरचे फोटो काढायचे. तो रोलाइफ्लेक्स कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघत वापरायचा असतो. म्हणजे समोरच्याच्या तोंडावर कॅमेरा रोखावा लागत नाही. त्यांच्या फोटोत मजूर आहेत, रस्त्यावरची म्हातारी माणसं आहेत, रडणारी पोरं आहेत, आणि दुकानाच्या काचेत दिसणाऱ्या त्या स्वतःही आहेत.

हे फोटो त्यांनी जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. म्हातारपणी पैसे संपले. सामान ठेवलेल्या भाड्याच्या गाळ्याचं भाडं थकलं आणि २००७ साली त्यातलं सामान लिलावात गेलं. पेट्यांमधून निगेटिव्ह निघाल्या, त्यांची संख्या पुढं लाखाच्या वर गेली. शेकडो रोल तर धुतलेलेही नव्हते, म्हणजे स्वतः काढलेले ते फोटो त्यांनी स्वतःही कधी बघितले नव्हते. २००९ साली मायर वारल्या. त्यानंतर जगभर प्रदर्शनं लागली, पुस्तकं निघाली, सिनेमा निघाला.

दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईला रस्त्यावरच्या राबणाऱ्या माणसांत काय दिसत असेल, हे त्यांचे फोटो बघताना सारखं मनात येतं. गाडीतून जाता जाता काढलेले ते फोटो नाहीत. त्याच फुटपाथवरून चालणाऱ्या बाईनं ते काढलेत.

फोटोच्या मागं लिहिलेलं: नाव, वय, कामाचे तास

अमेरिकेतलेच लुईस हाइन आधी शिक्षक होते. १९०८ पासून ते बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी फोटो काढू लागले. कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी, डबाबंद मालाचे कारखाने, आणि रात्री रस्त्यावर पेपर विकणारी पोरं. मालक आत घेत नसत. मग कधी बायबल विकणारा, कधी पोस्टकार्डवाला, कधी मशीनचे फोटो घ्यायला आलेला माणूस बनून ते आत शिरायचे. पोराची उंची मोजायची तर टेप काढता येत नव्हती, म्हणून आपल्या कोटाचं कुठलं बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्यांनी आधीच पाठ करून ठेवलं होतं. पोर शेजारी उभं राहिलं की बटणावरून उंची कळायची. नाव, वय, काम किती तास, मजुरी किती, हे खिशातल्या कागदावर गुपचूप लिहून घ्यायचे.

त्या फोटोंत एक छोटी मुलगी सुताच्या यंत्रांच्या लांबच लांब रांगेपुढं उभी दिसते. यंत्रं फोटोच्या बाहेरपर्यंत पसरलेली, आणि ती जेमतेम यंत्राएवढी. त्यात रक्त नाही, रडणं नाही. फक्त माप दिसतं, आणि ते माप बघून माणूस गप्प होतो.

या फोटोंनी कायदा आणला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते एवढं सोपं नव्हतं. १९१६ साली एक कायदा झाला, तो दोनच वर्षांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. टिकणारा कायदा यायला १९३८ साल उजाडलं, म्हणजे हाइन यांनी काम सुरू केल्यावर तीस वर्षं. स्वतः हाइन १९४० साली गरिबीत वारले. पण त्यांचे पाच हजारांहून जास्त फोटो अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात जपून ठेवलेत, आणि मोबाईलवरही बघता येतात. त्या पोरांची नावं आज सांगता येतात, कारण त्या वेळी कुणीतरी ती विचारली होती.

आपल्या देशातलं, आपल्या बायकांचं

भारतात सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे फोटो काढले आणि मुंबईतून निघणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रात ते छापून आले. पुढं त्यांनी कामगार, शेतकरी, आदिवासी यांचे पुष्कळ फोटो काढले. ब्राझीलचे सेबास्तिआओ साल्गादो मूळचे अर्थशास्त्री, कॉफीच्या व्यापाराशी संबंधित आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून ते फोटोग्राफर झाले. धनबादचे कोळसा कामगार त्यांनी टिपले. १९९५ साली मुंबईच्या चर्चगेट स्टेशनात त्यांनी काढलेल्या फोटोत लोकल गाड्या स्तब्ध उभ्या आहेत आणि मधल्या फलाटावरून माणसं पुराच्या पाण्यासारखी वाहताना दिसतात. कॅमेऱ्याचं झाकण जरा जास्त वेळ उघडं ठेवलं की चालणारी माणसं अशी पुसट होतात आणि उभी वस्तू स्पष्ट राहते. डबा घेऊन कामाला निघालेल्या माणसाचं वेगळेपण त्या गर्दीत कसं विरघळतं, ते त्या एका फोटोत कळतं.

पण गावच्या वाचकानं एकच काम बघायचं ठरवलं तर ते पी. साईनाथ यांचं बघावं. पत्रकार म्हणून खेडोपाडी फिरताना १९९३ ते २००२ या काळात त्यांनी दहा राज्यांत काम करणाऱ्या बायकांचे काळे-पांढरे फोटो काढले. त्यांचं प्रदर्शन बड्या हॉलपेक्षा बस स्थानक, रेल्वे स्टेशन, कारखान्याचं फाटक, मजुरांचे मेळावे अशा ठिकाणी जास्त लागलं. विषय सरळ होता: डोळ्यांसमोर असलेलं काम आणि कुणालाच न दिसणाऱ्या बायका. वीटभट्टी, भातलावणी, शेणकाम, झाडलोट, डोंगरावरून सरपणाच्या मोळ्या.

त्यात आंध्र प्रदेशातल्या विजयनगरमचा एक फोटो आहे. शेतमालक कॅमेऱ्याकडं बघत ताठ उभा. मागं त्याच्या शेतात बायका वाकून काम करतायत, एकीचंही तोंड वर नाही. मजुरी रोजची ४० रुपये देतो, असं त्यानं सांगितलं. बायकांनी नंतर सांगितलं, २५ रुपयेच हातात पडतात. मजुरीचा आकडा फोटोत दिसत नाही. पण कोण ताठ आणि कोण वाकलेलं, हे मात्र दिसतं. काळ्या-पांढऱ्यात त्या वाकलेल्या पाठी एका ओळीत येतात आणि मालक त्या ओळीत उभ्या खांबासारखा दिसतो. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर हे सगळे फोटो फुकट बघायला मिळतात. मजकूर मराठीतही असतो. वर सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्याही तिथंच ऐकायला मिळतात.

आणि त्या बाईला काय मिळालं?

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही.

१९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग या सरकारी कामावरच्या फोटोग्राफर थांबल्या. थंडी-पावसानं पीक गेलं होतं, त्यामुळं तोडणी नव्हती, मजुरीही नव्हती. तंबूत बसलेल्या एका आईचे त्यांनी काही फोटो घेतले. गालाला हात, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली लेकरं, मांडीवर तान्हं. तो फोटो जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध फोटोंपैकी एक झाला. पण लँग यांनी त्या बाईचं नावच विचारलं नव्हतं. ते नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला १९७८ साली कळलं, तेही एका पत्रकारानं शोधून काढल्यावर. तो फोटो काढूच दिला नसता तर बरं झालं असतं, अशी त्यांची भावना होती. त्यातून त्यांना एक पैसा मिळाला नव्हता. पाच वर्षांनी त्या आजारी पडल्या तेव्हा मात्र फोटोमुळं ओळखणाऱ्या लोकांनी मदत पाठवली.

साल्गादो यांच्यावरही टीका झाली, की दुःख इतकं सुंदर दाखवलं की बघणारा दुःख विसरून सुंदरपणातच रमतो. टीका सगळीच खरी नाही, पण विसरण्यासारखीही नाही. ऊसतोड मजुराच्या फाटक्या कोपीचा फोटो काढून स्टेटसला टाकला, वर दोन हात जोडलेले इमोजी लावले, दीडशे लोकांनी बघितला. त्या कोपीतल्या माणसाला विचारलं होतं का? कोपी म्हणजे रस्ता नव्हे, त्याचं घर आहे ते. त्याच माणसाचा सकाळी फडात मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढतानाचा फोटो काढला तर गोष्ट वेगळी होते. पहिल्यात त्याचं नसणं दिसतं, दुसऱ्यात त्याची ताकद आणि तोल दिसतो.

आता मोबाईल काढा

सगळ्यात आधी लेन्स पुसा. शर्टाच्या खिशात, पिठाच्या हातात, तेलाच्या बोटांनी ती रोज मळते, आणि 'मोबाईलचा कॅमेरा गेला' म्हणणाऱ्या पुष्कळांचं काम सुती कापडानं भागण्यासारखं असतं.

उजेड कुठून येतोय ते बघा. भर दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो, टोपीची नाहीतर पदराची सावली डोळ्यांवर पडते आणि चेहऱ्याच्या जागी काळा खड्डा येतो. सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर ऊन तिरपं येतं. त्या उन्हात नांगरलेल्या रानाची ढेकळं, हाताच्या शिरा, घोंगडीची वीण, सगळं उठून दिसतं. दुपारीच जायचं असेल तर आत जा. पिठाच्या गिरणीसारखी जागा नाही. दारातून किंवा पत्र्याच्या भोकातून उजेडाचा एक पट्टा येतो, त्यात पीठ तरंगत असतं आणि गिरणीवाला डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालेला असतो. तिथं वेगळं काही करावं लागत नाही.

फोटो रंगीतच काढा आणि मग 'एडिट'मध्ये जाऊन काळा-पांढरा करा. म्हणजे मूळ फोटो हातात राहतो. चेहऱ्यावर बोट टेकवलं की बहुतेक मोबाईलमध्ये सूर्याचं छोटं चिन्ह येतं, ते जरा खाली ओढलं की फोटो थोडा गडद होतो. काळ्या-पांढऱ्यासाठी तो बरा. बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढं जा. 'ब्युटी मोड' आठवणीनं बंद करा. तो सुरकुत्या पुसतो आणि रंग उजळ करतो. ज्या बाईच्या तोंडावर चाळीस वर्षांचं ऊन आहे तिचं ऊनच पुसून टाकलं तर मग फोटो कशाचा राहिला?

एक गंमत ध्यानात ठेवा. लाल मिरचीचा ढीग आणि शेजारी हिरवी कोथिंबीर, रंगीत फोटोत झकास दिसतं. काळ्या-पांढऱ्यात मात्र दोन्ही जवळपास एकसारखे करडे होतात आणि फोटो मेल्यासारखा वाटतो. तिथं रंगावर भरवसा ठेवून चालत नाही. पांढरा लसूण काळ्या घोंगडीवर, उजेडातला हात अंधाऱ्या दुकानापुढं, असं काही शोधावं लागतं. आणि काही फोटो रंगीतच चांगले असतात. हळदीचं वाळवण काळं-पांढरं करण्यात काही अर्थ नाही.

सगळ्यात अवघड भाग विचारण्याचा आहे. "काकू, एक फोटो काढू का?" म्हटलं की काकू खुरपं खाली ठेवतात, पदर नीट करतात, "थांब, हात धुते" म्हणतात आणि पासपोर्ट फोटोला बसल्यासारख्या ताठ बसतात. काम गेलं! पण म्हणून न विचारता लांबून चोरून काढायचा नाही. आधी तो ताठ बसलेलाच फोटो काढा, कारण काकूंना तोच हवा असतो. त्यांना दाखवा. मग तिथंच बांधावर बसा, पाऊसपाण्याचं बोला. दहा मिनिटांत त्या तुम्हाला विसरून कामाला लागतात, त्यानंतरचा फोटो खरा. तो पण दाखवा. "हा नको" म्हणाल्या तर त्यांच्यासमोरच डिलीट करा. मुलाबाळांचे चेहरे, पाणवठा, लेकराला पाजणारी आई, दारू प्यालेला माणूस, हे सोडून द्या. आणि स्टेटसला टाकायच्या आधी परत एकदा विचारा. शेतात फोटो काढू देणं वेगळं आणि गावभर दाखवू देणं वेगळं.

सुरुवात घरापासून केली तर विचारायलाही सोपं. आई भाकरी थापते तेव्हा चुलीचा उजेड एका बाजूनं येतो. वडील पहाटे धारेला बसतात तेव्हा गोठ्यातला एकच दिवा लागलेला असतो. दोन्ही ठिकाणी उजेड चांगला, आणि दोन्ही कामं रोजची, त्यामुळं आज जमलं नाही तर उद्या.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, साधा पाठवला की तो लहान होतो आणि पुढं छापताना फुटतो. मोबाईल बदलताना, पाण्यात पडला तर, हप्ते थकले तर फोटो जातात. म्हणून वर्षाकाठी दहा-बारा तरी निवडून तालुक्याच्या स्टुडिओतून छापून घ्या. दोन प्रती काढा, एक ज्यांचा फोटो आहे त्यांना नेऊन द्या. मागच्या बाजूला पेनानं नाव, गाव, काम आणि तारीख लिहा, आणि शाई सुकल्याशिवाय फोटो एकमेकांवर ठेवू नका, अक्षरं दुसऱ्या फोटोवर उमटतात.